‘एकमताने मंजूर’ : आमच्या गावकीच्या पंचांना खुलं पत्र

प्रति,
गावकीचे अध्यक्ष, पंच आणि मानकरी,
तसेच गावच्या मुंबई मंडळाचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. आईची तशी अट आहे. वाचणाऱ्यांनी इतकंच समजावं की गाव दक्षिण रायगडातलं, ऐंशी-नव्वद उंबऱ्यांचं, महाडपासून एसटीने दीड तासावर. तुम्हाला मात्र हे पत्र कुणाला लिहिलंय ते पहिल्या ओळीतच कळलं असेल.

याआधी मी दोन पत्रं पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही, आणि त्याचा मला राग नाही, कारण तुमची अडचण समजते. आमच्या घराशी जो बोलेल त्याला पाचशे रुपये दंड, असा ठराव तुम्हीच केलाय. मला उत्तर द्यायचं तर तुमच्यातल्या कुणाला तरी स्वतःच्या खिशातून पाचशे काढावे लागतील. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे. निदान वाचण्यावर तरी दंड नसावा.

ज्यांना आमचं प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी हकिकत.

गावाच्या वरच्या अंगाला देवराहाटी आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. आम्ही नुसतं राहाटी म्हणतो. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, आणि या सगळ्यांवरून झोपाळ्यासारखा लोंबणारा गारंबीचा वेल. जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. राहाटीच्या खालच्या कडेला खडकातून झरा निघतो आणि खालच्या दोन वाड्यांचा उन्हाळा त्या पाण्यावर निघतो. राहाटीतच देवीचं कौलारू, लाकडी खांबांचं देऊळ आहे. ते पाडून स्लॅबचं, घुमटाचं देऊळ बांधायचं गावकीने ठरवलं. वर्गणी झाली, पैसे कमी पडले. मग राहाटीतली मोठी झाडं ठेकेदाराला द्यायची असं ठरलं. ठरलं मुंबईच्या बैठकीत, गावाला सांगितलं नंतर.

गेल्या वर्षीच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात आला. ना-हरकत ठराव हवा होता. आबा, म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं : देऊळ बांधा, माझी वर्गणी मी दिलीय, अजून देईन. झाडं तोडू नका, झरा जाईल. आणि माझा विरोध इतिवृत्तात लिहा. ग्रामसेवकांनी पेन उचललं, तुमच्यातल्या एकाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. इतिवृत्तात आज जी ओळ आहे ती अशी : ‘विषय एकमताने मंजूर.’

आठ दिवसांनी गावकी बसली. आबांना बोलावणं आलं. देवीपुढे नारळ ठेवून माफी मागायची आणि पाच हजार दंड भरायचा. आबांनी विचारलं, माफी कशाची? त्यावर अध्यक्षांनी जे उत्तर दिलं ते मला पाठ आहे, कारण त्या रात्री फोनवर आबांनी ते मला चार वेळा ऐकवलं : “मत असायला आमची ना नाही. ज्याचं त्याचं मत असतंच. पण गावकीने एकदा ठरवलं की ते मनात ठेवायचं.”

आबांनी माफी मागितली नाही. त्या दिवसापासून आमचं घर वाळीत आहे.

अध्यक्षकाका, तुमचं हे वाक्य मी वर्षभर उलटंपालटं करून पाहते आहे. वरवर ते उदार वाटतं. पण मनातल्या मताला गावकीची परवानगी लागतेच कुठे? मनात तर खोताच्या कुळालासुद्धा मत होतं. आपल्या पणजोबांनी धान्याच्या राशी खोताच्या ओटीवर नेऊन घातल्या तेव्हा त्यांना ते पटत होतं थोडंच! पिढ्यान्‌पिढ्या ते मत मनात राहिलं आणि रास ओटीवर जात राहिली. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली ते तोंडाने म्हटलं आणि सहा वर्षं खोतांची शेतं कसली नाहीत. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हे तोंडाने म्हटलेलं मत होतं. तुम्ही आबांना जो हक्क देऊ केलात तो खोतानेही कधी नाकारला नव्हता.

आता तुमच्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहिते, नाहीतर मुंबईत बसून गावाला नावं ठेवते असं म्हणाल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या घराची निम्मी कौलं गेली, पडवीवर आंबा पडला. पंचनामा करायला सरकारी माणूस यायच्या आत गावकीची पोरं शिडी आणि ताडपत्री घेऊन दारात होती. आंबा तोडला, पडवी मोकळी केली, आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. लॉकडाऊनमुळे मी इथे भांडुपला अडकले होते आणि आई-आबा तिथे एकटे होते. ते उपकार मी विसरलेले नाही. गावकी मोडावी असं मला वाटत नाही. ज्या हातांनी आमचं छप्पर शाकारलं तेच हात आता आमच्या घरी टाळी द्यायलाही पुढे येत नाहीत, याचं दुःख म्हणूनच जास्त आहे.

तक्रारी अनेक आहेत. ज्या बोलण्यासारख्या आहेत त्याच सांगते.

पहिली, बोलण्यावरच्या दंडाची. वाळीत टाकणं म्हणजे काय हे शहरातल्या लोकांना वाटतं तसं नसतं. कुणी अंगावर येत नाही, शिवी देत नाही. गिरणीवाला म्हणतो, पट्टा तुटलाय. दुकानदार म्हणतो, साखर संपली, आणि त्याच्या मागे पोतं दिसत असतं. टमटमवाल्याला आमच्या नाक्यावर आईचा हात दिसत नाही. जुलैत लावणीला एकही माणूस आला नाही. आबांनी आणि आईने दोघांनी मिळून घराजवळची दोन खाचरं लावली, वरची चार तशीच राहिली. त्यात आता रान माजलंय. गणपतीत आरतीची पोरं शेजारच्या घरापर्यंत आली, तिथून आमच्या कुंपणाला वळसा घालून पलीकडच्या घरी गेली. आरती आईने आणि मी म्हटली. आबांना घालीन लोटांगणच्या वेळी आवाज फुटला नाही.

आणि सप्ताह. चाळीस वर्षं गावच्या भजनाला पखवाज आबांचा होता. तुकोबांनी बहुमत मानलं नाही, आपल्या मनाला साक्षी ठेवलं, हा अभंग दरवर्षी तुम्हीच टाळ वाजवत म्हणता, आणि त्याला ठेका आबांचा असायचा. यंदा आबा ओटीवर बसून लांबून ऐकत होते. नवा पोरगा समेवर चुकतो म्हणाले. त्याला दाखवलं पाहिजे म्हणाले. मग गप्प बसले.

दुसरी तक्रार इतिवृत्ताची, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी आहे. गावकी तुमची खाजगी बैठक आहे. ग्रामसभा तशी नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने चालणारी ती सभा आहे, वर्षातून किमान चार वेळा भरते, आणि मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सदस्य असतो. तिथे एक माणूस उभा राहून विरोध करतो, तो लिहा म्हणतो आणि वहीत ‘एकमताने’ लिहिलं जातं, तेव्हा ती नोंद खोटी असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस भर सभेत उभा होता हे शंभर जणांनी पाहिलं आणि कागदावर तो नव्हताच! आबांच्या मताशी तुम्ही सहमत व्हावं असं त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांनी एक ओळ मागितली होती.

तिसरी मुंबई मंडळाची. माझ्या भावाला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून काढलं ते ठीक, तिथे सकाळच्या फुलांच्या फोटोंशिवाय फारसं काही येत नव्हतं. पण गणपतीला मंडळ एसटीच्या गाड्यांचं सामूहिक आरक्षण करतं, त्यात पैसे भरूनही आम्हाला जागा मिळाली नाही. भाऊ दोन मुलांना घेऊन पनवेलला रात्रभर उभा होता. तुमच्यातले कित्येक जण मंत्रालयात, बँकेत, महापालिकेत नोकरी करतात, मुलांना वक्तृत्व स्पर्धेत पाठवतात. शिक्षण नसल्यामुळे गावात असं होतं हे मी मानत नाही, ते तुमच्यामुळे. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं प्रकरण, झालं. न्यायमूर्ती रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते बहिष्कार घालणारे तर शास्त्री होते, त्यांच्याइतकं शिकलेलं आपल्या गावात अजून कुणी झालेलं नाही.

चौथी तक्रार करताना जरा अवघडायला होतं. राहाटीच्या झऱ्यावर पहाटे हंडा घेऊन कोण जातं? ज्यांनी झाडं विकायचं ठरवलं त्यांच्यापैकी कुणी आयुष्यात तिथे रांग लावलीय का? कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. आपल्याकडे ती होते, म्हणजे वही घरोघर फिरते आणि बायका चुलीपाशी बसल्या बसल्या सही करतात. गावकीच्या बैठकीत तर बायकांना जागाच नाही. माझ्या लहानपणी आम्ही मुली पडवीच्या कुडाआडून ऐकायचो आणि हसू आलं तर तोंडात पदर कोंबायचो. आबांना निदान वाळीत टाकण्याइतकं मत होतं. आईला तेवढंही कुणी मानत नाही. तिला विचाराल तर तिचं मत आबांहून कडक आहे.

इथे थांबून एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहिण्याचा मला हक्क नाही.

मी सातवीत होते तेव्हा वरच्या पाखाडीतलं एक घर गावकीने वाळीत टाकलं. त्यांच्या मुलाने मुंबईत दुसऱ्या जातीतली मुलगी केली होती आणि घरच्यांनी तिला गणपतीत गावी आणलं. त्या वेळी गावकीचे चिटणीस आबा होते. अक्षर चांगलं म्हणून. ठराव त्यांनीच लिहिला, सुरेख गोलाईच्या अक्षरात, आणि तोही ‘एकमताने’. मला गिरणीवर पाठवलं, त्यांचं दळण घेऊ नको हा निरोप द्यायला. मी धावत गेले आणि दिला. मोठ्या माणसांनी काम सांगितलं याचाच आनंद होता. त्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसायची. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

सात वर्षांनी त्या माणसांनी घराला कुलूप लावलं आणि ती गेली. आता तिथे जोतं आहे आणि एक फणस.

गेल्या दिवाळीत आबांनी मला तिचा नंबर शोधायला लावला. फोन मी केला, आबा जवळ बसले होते, पण त्यांना बोलवेना. जे म्हणायचं ते मीच म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आमचा फणस अजून धरतो का गं?”

मी म्हटलं, धरतो.

ज्या वहीत आबांनी त्यांचं नाव लिहिलं त्याच वहीत आज आबांचं नाव आहे. अक्षर तेवढं दुसऱ्याचं. म्हणून तुमच्याकडे बोट दाखवताना ते बोट आमच्या घरावरून फिरून येतं, हे मला माहीत आहे. तुम्ही वाईट माणसं आहात असं मला म्हणायचं नाही. आबाही वाईट माणूस नव्हते. ठराव लिहून घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

हे हत्यार आपल्या मुलखात जुनं आहे. महाड तर आपल्या पायाशी. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि हजारो माणसं ओंजळभर पाणी प्याली, त्यानंतर ठिकठिकाणच्या अस्पृश्य वस्त्यांना गावांनी वाळीत टाकलं. दळण बंद, दुकान बंद, मजुरी बंद. आमच्या घराचं जे झालं ते त्यांच्यापुढे काहीच नव्हे, आमच्याकडे निदान मुंबईचा पगार येतो. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीच्या अहवालात बहिष्काराला उघड मारहाणीपेक्षा भयंकर हत्यार म्हटलं आहे, कारण कायद्याच्या चौकटीत राहून ते चालवता येतं. पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि कलमांसाठी आधार घेतला तो ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. मुंबई प्रांताने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं हे हत्यार पुन्हा मोकळं होतं. वरच्या पाखाडीतल्या घराचं प्रकरण त्या मधल्या काळातलं.

आता तसं राहिलेलं नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार टाकणारा तर गुन्हेगार आहेच, त्याला मदत करणाराही आहे. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुमच्यातल्या दोघा-तिघांना खरोखरच वाटतं की गावकीचा ठराव म्हणजे गावाचा घरगुती मामला, पोलिसांचा त्यात काय संबंध. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

अर्ज लिहून तयार आहे. आबांची सही अजून नाही. ते म्हणतात, गावच्या पोरांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही. मी म्हणते, त्या पोरांचाच पुढे विचार करा. आमच्या घरातही या विषयावर एकमत नाही, आणि म्हणून आम्ही एकमेकांना वाळीत टाकलेलं नाही.

आता ज्या गोष्टीवर तुमचा-माझा खरा वाद आहे तिथे येते. तुम्ही म्हणाल, प्रत्येकाने आपलं मत धरून बसायचं तर गाव चालायचं कसं? रस्त्याला जमीन द्यायची, पालखीचा मान ठरवायचा, पऱ्यावर बंधारा घालायचा, कुठेतरी निर्णय व्हायलाच हवा. मान्य. निर्णय करा. हात वर करून करा, चिठ्ठ्या टाकून करा. बहुमताने झाडं तोडायचं ठरलं तर आबा कुऱ्हाडीपुढे आडवे पडणार नाहीत. हरले म्हणून घरी येतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणतील की हे चुकलं. निर्णय गावाचा, मत त्यांचं. तुम्हाला निर्णय पाळणारा माणूस पुरत नाही. तुम्हाला तो पटलेला हवा, निदान पटल्यासारखा दिसणारा.

आणि त्यात तुमचंच नुकसान होतंय, ते असं. वर्षभरात तिघे जण काळोख पडल्यावर आमच्या मागच्या दाराने येऊन गेले. एकाने शेवग्याच्या शेंगा आणल्या. तिघांनीही आबांना सांगितलं की तुम्ही बरोबर बोललात. नावं मी सांगणार नाही, पंधराशे रुपयांचा प्रश्न आहे. पण ते तिघेही ग्रामसभेत हजर होते आणि तिघेही पुढच्या गावकीत आबांच्या विरुद्ध हात वर करून बसले. अध्यक्षकाका, राहाटीबद्दल गावाला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्ही समजता. तुम्हाला माहीत नाही. कदाचित साठ घरं तुमच्या बाजूची असतील, कदाचित वीसच असतील. ते कळण्याचा एकच रस्ता होता, तो तुम्ही पाचशे रुपये दंड लावून बंद केलात. आता बैठकीत समोर दिसतात ते हात, आणि हात तर माझे वडीलही त्या वेळी लिहिण्यासाठी चालवत होतेच.

झरा जाईल की राहील ही गोष्ट मात्र कुणाच्याच मतावर सोडू नका, आबांच्याही नाही. या बाबतीत ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणणं म्हणजे अंग काढून घेणं. पावसाआधी अकरा झाडं गेली. उरलेल्यांवर चुन्याच्या खुणा आहेत. आई म्हणते, मे महिन्यात हंडा भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागला. पण एका उन्हाळ्यावरून काही ठरत नाही, आणि वर्षभर मनस्ताप झालेल्या बाईला हंडा उशिरा भरल्यासारखा वाटूही शकतो. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. माणूस बोलवा, दाखवा, लिहून घ्या. आबा चुकले असतील तर चुकले. चुकीचं मत असलेल्या माणसालाही गिरणीवर दळण मिळालं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. शिवाय २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली तेव्हा मदतीला आपल्या गावातूनही माणसं गेली होती. काय पाहून आली ते त्यांना विचारा. डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्या माणसाने डोंगरावरच्या झाडांबद्दल बोलायचं नाही, मग बोलायचं कुणी?

मागण्या फार नाहीत.

आमच्या घरावरचा बहिष्काराचा ठराव रद्द झाला हे लेखी द्या, आणि होळीच्या दिवशी सहाणेवर, पालखी बसते त्या ओट्यावर, सगळ्यांसमोर वाचून दाखवा. घातला तेव्हाही सगळ्यांसमोर घातला होता.

माफी आणि दंड यांची मागणी मागे घ्या. आमच्याशी बोलल्याबद्दल आतापर्यंत ज्या दोन घरांकडून पाचशे-पाचशे घेतले त्यांचे पैसे परत करा. देवळाच्या बांधकामात ते धरू नका.

ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत २६ जानेवारीचं इतिवृत्त दुरुस्त करण्याचा विषय घ्या. आबांचा विरोध एका ओळीत लिहा. ओळ मी सुचवत नाही, ग्रामसेवकांना आठवत असेल.

पाण्याची पाहणी होऊन अहवाल येईपर्यंत राहाटीतलं एकही झाड पाडू नका. त्यानंतर विषय पुन्हा ठेवा, बायकांची सभा खरोखर भरवून, आणि मतदान चिठ्ठीने घ्या.

वरच्या पाखाडीतल्या त्या घराचं नाव वहीतून काढा. ही मागणी आबांची आहे. त्या पानावर खाली सही करून ‘चूक झाली’ असं त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. त्यासाठी वही एक दिवस घरी पाठवा, किंवा त्यांना बैठकीत येऊ द्या.

मुंबई मंडळाला एवढंच सांगणं की यंदाच्या गाड्यांच्या यादीत आमच्या पाच जागा धरा. पैसे आगाऊ देते.

गेल्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणासमोरून न थांबता गेली. आईने सारवण करून रांगोळी घातली होती, खण-नारळाची ओटी सुपात तयार होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने तयारी केलीच असती. ढोल लांब गेल्यावर तिने ते सूप उचलून देव्हाऱ्याखाली ठेवलं. तो नारळ अजून तिथेच आहे. हलवला तर आता पाणी वाजत नाही.

यंदा पालखी थांबणार की नाही ते होळीच्या आत कळवा. म्हणजे आईला नवा नारळ आणायचा की नाही ते ठरवता येईल. बोलण्यावरचा दंड तोवर चालूच असेल तर चिठ्ठी चालेल. मागच्या दाराची खिडकी उघडीच असते, कुठली ते तुमच्यातल्या काही जणांना माहीत आहे.

आपली,
गावची एक माहेरवाशीण
भांडुप, मुंबई